रद्दबातल नवरा

मुलांनो, असं समजा, की तुमचं लग्न झालं आहे. खिदळू नका. नुसतं समजायचंच आहे, त्याला पैसे पडत नाहीत. तर तुमचं लग्न झालं आणि त्या लग्नामुळे तुम्हाला एका परक्या देशात राहायची परवानगी मिळाली. परवानगी म्हणजे एक छोटंसं कार्ड. त्याला ग्रीन कार्ड म्हणतात. पण सरकार मोठं सावध असतं. ते म्हणतं, "लग्न अगदी कोरं दिसतंय. तूर्त दोन वर्षांचं कार्ड घ्या. मुदत संपत आली, की दोघं मिळून अर्ज करा, की आमचं अजून चाललंय. मग पक्कं कार्ड देऊ."

आता पुढचं समजा. मुदत संपत आली आहे. नवरा ठणठणीत आहे. बायको ठणठणीत आहे. फक्त 'दोघं मिळून' असं काही उरलेलं नाही. मग अर्ज कुणी करायचा?

उत्तर येत नसलं तर लाजू नका. मी सारा जन्म गणित शिकवलं आणि मलाही ते येत नव्हतं.

माझं नाव आन्सेल्मो दिमायुगा. आमच्या बातांगासकडच्या भाषेत दिमायुगा म्हणजे ज्याला कुणी हलवू शकत नाही असा. हे नाव घेऊन मी निवृत्तीनंतर फिलिपाईन्समधून थेट अमेरिकेतल्या डेली सिटीच्या टेकडीवर येऊन पडलो, यावरून आडनावांवर किती विश्वास ठेवायचा ते तुम्हीच ठरवा. माझ्या बायकोचं नाव पेर्पेतुआ, म्हणजे निरंतर. ती दोन वर्षंही पुरली नाही.

तिचा दोष नाही. माझाही नाही. दोष वेळापत्रकाचा. पेर्पेतुआ इस्पितळात रात्रपाळीची नर्स, म्हणजे दिवसा झोपणार. आणि मी दिवसा बाहेरच्या खोलीत आळीतल्या मुलांचे पाढे घेणार. पाढे मोठ्यानं म्हटल्याशिवाय पाठ होत नाहीत, हे माझं शास्त्र. झोप मोठ्यानं होत नाही, हे तिचं. एके दुपारी आम्ही सातचा पाढा म्हणत होतो. 'सात सक बेचाळीस' म्हणून होतंय तोच ती उशी काखेत मारून दारात उभी राहिली.

"सेल्मो," ती म्हणाली, "मी नवरा आणला होता. तू शाळा घेऊन आलास."

मुलांसमोर! शिक्षकाचा वर्गात अपमान होऊ नये, असा जगभराचा संकेत आहे. मी फळा पुसला. पुढे समजूतदार माणसांसारखं आम्ही कोर्टात जाऊन वेगळे झालो. मी तिच्याच घराखालच्या गॅरेजमधली खोली भाड्यानं घेतली.

"तिथंच कशाला राहिलात?" असं तुम्ही विचाराल. सगळ्यांनीच विचारलं. त्याचं कारण म्हणजे पिपाय. पिपाय ही पेर्पेतुआची नात, वय सात. तिची आई नौदलात आहे, महिनोन्महिने समुद्रावर असते. आजी सकाळी कामावरून येऊन झोपते. तेव्हा पिपायला शाळेत पोचवायचं, आणायचं, तिची वेणी घालायची हे काम माझं. ती मला लोलो म्हणते, म्हणजे आजोबा. कोर्टानं आम्हाला वेगळं केलं त्या दिवशी मी तिला नीट समजावलं, की आता मी तुझ्या लोलाचा, म्हणजे आजीचा, नवरा नाही. तिनं विचार केला आणि म्हणाली, "मग उद्या वेणी कोण घालणार?"

"मीच."

"हं," ती म्हणाली आणि खेळायला गेली. तिच्यापुरता निकाल लागला होता.

माझं कार्ड संपत आल्याची बातमी मी फक्त बोयेतला सांगितली. बोयेत आमचा शेजारी. घरं विकतो, विमे काढतो, लोकांच्या करांचे कागद भरतो, आणि या तिन्हींतून वेळ उरला की सल्ला देतो. संध्याकाळपर्यंत ही बातमी सगळ्या टेकडीला कळली.

"सर, सोप्पं आहे," बोयेत म्हणाला. "पुन्हा लग्न करा."

"कुणाशी?"

"तिच्याशीच! मुदत संपेपर्यंत. मग पुन्हा सोडा. मी जाऊन विचारू?"

मी नको म्हणायच्या आत तो जिना चढून गेला होता. वर काय बोलणं झालं ते मला ठाऊक नाही. पण तो जितक्या वेगानं खाली आला आणि त्याच्या मागोमाग एक चप्पल जितक्या अचूकपणे आली, त्यावरून मी उत्तर ओळखलं.

दुसऱ्या दिवशी आते चारिंग आल्या. आते म्हणजे ताई. वयानं त्या माझ्याहून मोठ्या, आवाजानं सगळ्यांहून. चर्चच्या गायनवृंदाच्या प्रमुख. माझ्या लग्नात त्या धर्ममाता होत्या. आमच्यात लग्नाला वडीलधारे लोक साक्षीदार म्हणून उभे राहतात आणि मग जन्मभर त्या लग्नाकडे आपण लावलेल्या झाडासारखं बघतात. त्या दार लावून घेत म्हणाल्या, "सर सेल्मो, तो शब्द पुन्हा तोंडातून काढायचा नाही."

"कुठला? घटस्फोट?"

त्यांनी छातीवर क्रूसाची खूण केली. "पोरंबाळं ऐकतात हो! आपल्याकडे आहे का असलं काही? रद्दबातल झालं म्हणा."

हे समजावून सांगायला हवं. आमच्या देशात ख्रिस्ती माणसाला घटस्फोटाची सोयच नाही. फार झालं तर कोर्ट म्हणतं, की हे लग्न रद्दबातल. म्हणजे ते मोडलं नाही, मुळात झालंच नव्हतं. केक कापला, पाहुणे जेवले, वाजंत्री वाजली, पण लग्न झालं नव्हतं. त्यामुळे आमच्या माणसांना अमेरिकेत येऊन कितीही वर्षं झाली, तरी 'घटस्फोट' म्हणताना जीभ अडते आणि 'रद्दबातल' म्हणताना कसं अंघोळ केल्यासारखं वाटतं.

"पण आमचा घटस्फोटच झालाय, आते."

"तुमचा काय झालाय ते देवाला ठाऊक आहे. लोकांना कशाला ठाऊक व्हायला हवं?"

पुढच्या रविवारपर्यंत मी सगळ्या चर्चमध्ये रद्दबातल झालो होतो. लोक माझा हात हातात घेऊन दाबायचे. न झालेल्या लग्नाबद्दल इतकं हळहळलेलं मी कुणाला पाहिलं नाही. बोयेतनं तर मला बाजूला घेऊन विचारलं, "सर, लग्न झालंच नव्हतं म्हणे. मग आम्ही आहेरात दिलेलं गाण्याचं यंत्र परत मिळेल का?"

असो. या सगळ्यात शहाणपणाचं एकच माणूस भेटलं. दर बुधवारी वाचनालयात एक वकिलीणबाई फुकट सल्ला द्यायला बसते. तिनं माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आधी पाणी प्या. घटस्फोट झाला म्हणून कार्ड आपोआप जात नाही. 'दोघांनी मिळून अर्ज करा' या अटीतून सूट मागायची आणि एकट्यानं अर्ज करायचा. तुमचा घटस्फोट कोर्टातून पुरा झालाय ना? झालं तर. आता एवढंच दाखवायचं, की लग्न केलं ते संसारासाठी, कार्डासाठी नव्हे."

"पण संसार टिकला नाही."

"टिकला का, हा प्रश्नच नाही. खरा होता का, हा आहे."

मला हे फार आवडलं. मी स्वतः परीक्षा घेतल्या आहेत. नापास झालात तर हरकत नाही, कॉपी केली नव्हती एवढं सिद्ध करा, असं सरकार म्हणत होतं. याहून न्यायाचं काय असणार?

"आणि सिद्ध नाही झालं तर?"

"मग परत पाठवायची कारवाई सुरू होऊ शकते," ती म्हणाली. तिनं ते शक्य तितक्या मऊ आवाजात सांगितलं, पण अर्थ काही मऊ झाला नाही. घरी येताना मी पिपायला शाळेतून घेतलं. ती वाटेवर दर खांबाला हात लावत चालली होती. मी बातांगासला गेलो तर ही कुणाचं बोट धरून हे खांब मोजणार, असं माझ्या मनात आलं. मग मी चष्मा पुसला. आमच्या टेकडीवर धुकं फार असतं.

तर पुरावे. एका पत्त्यावरचं भाडं, बँकेतलं जोडखातं, फोटो आणि ओळखीच्यांची पत्रं. पहिली दोन सहज मिळाली. फोटोंपाशी गाडी अडली.

आमच्या लोकांचे फोटो तुम्ही पाहिलेत का? फोटो काढायचा म्हटलं, की वाटेनं जाणारेसुद्धा येऊन उभे राहतात. आमच्या लग्नाच्या फोटोत चाळीसेक माणसं आहेत आणि मधोमध एक अख्खं भाजलेलं डुक्कर. माझा अर्धा कान दिसतो. पेर्पेतुआ आहे म्हणतात, पण तिच्यापुढे आते चारिंग यांचा अंबाडा आहे. वाढदिवसाचा फोटो बघावा, तर आमच्या दोघांच्या मध्ये बोयेत. नाताळचा बघावा, तर मध्ये बोयेत. समुद्रकाठी आम्ही खास दोघंच गेलो होतो, त्या फोटोतही मध्ये बोयेत. गाडी त्यानं चालवली होती ना!

वकिलीणबाई सगळे फोटो बघून म्हणाली, "हे गृहस्थ कोण? यांच्याशी लग्न झालं होतं असं सिद्ध करायचं असेल, तर पुरावा भरपूर आहे."

मग उरली पत्रं. आमच्या लग्नाच्या साक्षीदारांकडे, म्हणजे बहुतेक गायनवृंदाकडेच, मी पत्रं मागितली. या दोघांना आम्ही ओळखतो, यांचा संसार आम्ही पाहिला आहे, असं स्वतःच्या शब्दांत लिहायचं होतं. सगळ्यांनी झटपट लिहून दिली. मी ती वाचायला बसलो, आणि मुलांनो, माझा हात आपोआप लाल पेनाकडे गेला. काय ते शुद्धलेखन! स्वल्पविराम तर कुणी दुकानातून आणलेच नव्हते. मी सगळी पत्रं तपासली, वाक्यं सरळ केली, विशेषणं बदलली, समासात शेरे दिले आणि स्वच्छ लिहून काढायला परत पाठवली. आते चारिंग यांना दहापैकी सहा गुण दिले. तेही ओळखीपोटी.

त्या पत्र हातात धरून जिन्याखालून ओरडल्या, "सहा? तुमच्या लग्नात मी तीन गाणी म्हटली आणि मला सहा?"

"आते, तुम्ही 'प्रेम' शब्द दोन प्रकारे लिहिलाय."

"प्रेम दोन प्रकारचंच असतं, सर! एक असतं आणि एक तुमच्यासारखं असतं!"

सुधारलेली पत्रं घेऊन मी मोठ्या अभिमानानं वाचनालयात गेलो. वकिलीणबाईनं पहिलं वाचलं, दुसरं वाचलं, तिसऱ्यापाशी चष्मा काढला. "सगळी पत्रं एकाच माणसानं लिहिल्यासारखी वाटतात. 'परस्परांविषयी नितांत आदर' सगळ्यांत आहे. ही दिलीत, तर तुम्हीच बनवली असं म्हणतील. त्यांना पुन्हा लिहायला सांगा. आणि सर, तुम्ही हात लावायचा नाही. बघायचंसुद्धा नाही."

माझ्या आयुष्यात न तपासलेला कागद माझ्या हातून कधी पुढे गेला नव्हता. पण काय करता? आते चारिंग यांच्या दारात मी टोपी काढून उभा राहिलो, सहाचे नऊ केले, आणि त्यांनी सगळ्यांना बसवून पुन्हा पत्रं लिहवून घेतली. पाकिटं चिकटवून आली. मी ती तशीच्या तशी अर्जाला जोडली. बोटांना नुसती खाज सुटली होती.

अर्जाची पावती आली. पावतीबरोबर कार्डाची मुदतही वाढून मिळाली, म्हणून श्वास घेता आला. मग पुष्कळ दिवसांनी मुलाखतीचं बोलावणं आलं.

पेर्पेतुआ म्हणाली, "मी येते. साक्ष द्यायला लागली तर असावं." रात्रपाळी करून ती तशीच आली आणि बाहेरच्या बाकावर बसल्या बसल्या झोपली. पिपायला त्या दिवशी शाळा नव्हती. बाकावर झोपलेल्या आजीपाशी तिला एकटी सोडायची कशी, म्हणून अधिकारीबाईंनी तिला माझ्याबरोबर आत येऊ दिलं. त्यांचं नाव ड्रेहर. चेहरा असा, की त्यांनी स्वतःच्या वाढदिवसालाही ओळखपत्र मागितलं असेल.

"पलंगाच्या कुठल्या बाजूला कोण झोपायचं?" त्यांनी विचारलं.

"डाव्या बाजूला," मी म्हणालो.

"कोण?"

"दोघंही. ती दिवसा, मी रात्री. उजव्या बाजूची स्प्रिंग मोडली होती."

त्यांनी काहीतरी लिहून घेतलं. "म्हणजे एका वेळी दोघं कधीच नाही?"

"रविवारी असायचो. स्प्रिंगवर मी."

त्यांनी पुन्हा लिहिलं. "आणि घटस्फोटानंतरही पत्ता तोच?"

"मी आता खाली आहे. गॅरेजमध्ये."

"हूं. लग्न होतं तेव्हा एकत्र दिसत नव्हता आणि मोडल्यावर एकत्र दिसताय." मग त्यांनी ती पाकिटं उघडली. एक वाचलं. दुसरं वाचलं. माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की मला शाळेतले मुख्याध्यापक आठवले.

"मिस्टर दिमायुगा, तुमच्या बाजूची पत्रं आहेत ना ही?"

"हो. माझ्या लग्नाच्या साक्षीदारांची."

"मग ऐका. 'आम्ही देवाला स्मरून सांगतो, की सर सेल्मो अत्यंत सभ्य गृहस्थ असून त्यांचा घटस्फोट वगैरे काही झालेला नाही. त्यांचं लग्न रद्दबातल आहे. ते मुळात झालंच नव्हतं. त्या दोघांमध्ये काहीही नव्हतं.' सगळ्यांनी हेच लिहिलंय. खाली सह्या आहेत."

मुलांनो, माझ्या पायाखालची फरशी सरकली. आते चारिंग यांनी माझी अब्रू वाचवली होती! अख्ख्या गायनवृंदानं एका सुरात वाचवली होती! मी समजवायला लागलो. आमच्या देशात ती सोय नाही, म्हणून लोक स्वच्छ शब्द वापरतात, म्हणजे लग्न झालं होतं, पण झालं नव्हतं म्हणतात, कारण ते झालं होतं. जन्मभर अपूर्णांक शिकवले, पण इतकं गुंतागुंतीचं वाक्य मी कधी बोललो नव्हतो. ड्रेहरबाईंनी पेन खाली ठेवलं. ते पेन खाली ठेवणं मला मुळीच आवडलं नाही. पिपायनं माझी बाही घट्ट धरली.

"पूर्वीच्या मिसेसना आत बोलवा," त्या म्हणाल्या.

पेर्पेतुआ डोळे चोळत आली. गालावर बाकाच्या पट्ट्या उमटल्या होत्या. ड्रेहरबाईंनी पत्र तिच्यापुढे सरकवलं. "यात लिहिलंय, तुमच्यात काहीही नव्हतं. खरं आहे?"

तिनं वाचलं. मग पुन्हा वाचलं. तिची झोप उडताना मला स्पष्ट दिसली.

"काहीही नव्हतं?" ती म्हणाली. "काहीही नव्हतं? मग दोन वर्षं मी कुणावर ओरडत होते, भिंतीवर? सेल्मो, हे तू लिहवून घेतलंस?"

"मी हातसुद्धा लावला नाही!"

"तेच तर! नको तिथं हात लावतोस आणि हवा तिथं नाही! रोज भातात बोट कोण घालायचं?"

इथं सांगायला हवं, की भात लावताना आमच्यात पाणी बोटानं मोजतात. तांदळाला बोटाचं टोक टेकवायचं आणि पहिल्या पेरापर्यंत पाणी घ्यायचं.

"पाणी मोजायलाच घालायचो!" मी म्हणालो.

"मी मोजून ठेवलेलं असायचं! माझ्या बोटानं! मग तू येऊन तुझं ते लांबलचक बोट घालायचास आणि वर आणखी पाणी ओतायचास. दोन वर्षं मी नुसती पेज खाल्ली, बाई!" हे ड्रेहरबाईंना उद्देशून होतं. "कामावर माझा डबा बघून लोक विचारायचे, पोट बिघडलंय का म्हणून!"

"पाणी पेरापर्यंत हवं, हा नियम आहे!"

"कुणाच्या पेरापर्यंत?"

"ज्येष्ठाच्या!"

"आणि ताप आला होता तेव्हा कुणाची पेज खाल्लीस? तीन रात्री कामावर न जाता कोण बसलं होतं उशाशी? काहीही नव्हतं म्हणे!"

"मी कुठं म्हणतोय नव्हतं? पुष्कळ होतं! पण पाणी कमी घालायचीस!"

आता यापुढचं मला पिपायकडून कळलं, कारण आम्ही दोघं भातात होतो. ड्रेहरबाई बराच वेळ आमच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी पेन उचललं, फाईल उघडली, एक ओळ लिहिली, सही केली आणि म्हणाल्या, "मिस्टर दिमायुगा, मंजूर. पक्कं कार्ड पोस्टानं येईल." आम्हाला ऐकू गेलं नाही. त्यांनी पुन्हा एकदा जरा मोठ्यानं सांगितलं. तोवर पेर्पेतुआ तांदूळ किती पाण्यांनी धुवावेत या मुद्द्यावर आली होती.

ऐकलं ते एकट्या पिपायनं. ती खुर्चीवरून उतरली. कुणाचं लक्ष नाही असं बघून तिनं आधी जाऊन खोलीचं दार नीट लावून घेतलं, घरी लावते तसं. मग आपली खुर्ची ओढत टेबलापलीकडे ड्रेहरबाईंच्या शेजारी नेली आणि त्यांच्या कानाशी लागून म्हणाली, "आत्ता नका सांगू. लोलाचं संपत आलंय. मग लोलो सॉरी म्हणतात. मग सांगा." आणि खिशातला पाव काढून तिनं त्याचे दोन तुकडे केले, मोठा बाईंच्या हातात दिला, आणि आमच्याकडे तोंड करून पाय हलवत खायला लागली.